हिरव्या दोऱ्याचं पिल्लू

हॅलो?… हां ताई, बोल… नाही, झोपले नव्हते. दुपारी तीनला झोपायला मी काय तुझ्या ऑफिसात आहे?… हो, खरं आहे. फॅमिली ग्रुपवर मीच टाकलं… आज सकाळी गेलं… सगळ्यांत लहान ते. हिरव्या दोऱ्याचं… अगं, दोरा म्हणजे लोकरीचा. आठही पिल्लं एकसारखी दिसतात, मग ओळखायची कशी? प्रत्येकाच्या गळ्यात एकेक रंग. लाल, पिवळा, निळा… हां, तसं.

हो ना, सांत्वन जोरात चाललंय. मोठ्या काकांनी अंगठा टाकला… चुकून कसला? काकांना सगळंच आवडतं. आत्याने गुलाबाचा फोटो आणि खाली ‘सुप्रभात’. आणि भावोजींनी काय लिहिलंय, वाचलं नाहीस?… ‘उरलेल्या सातांना शुभेच्छा.’… छे, मनाला कशाला लावून घेऊ? सातांना वाचून दाखवलं. फार आभारी आहेत.

काय?… हो, सात म्हणजे पुष्कळच… हो गं, एकाने काय होतंय… ताई, तुला दोन मुलं आहेत ना?… नाही, सहज विचारलं. मोजत होते.

बरं, बरं. नाही बोलत. तू बोल… हो, धंदा आहे, धंद्यात असं चालायचंच. चौदा वर्षं कुत्र्यांची पैदास करतेय, आता तरी सवय व्हायला हवी होती. एकदम मान्य. कुठे अर्ज करायचा असतो गं सवयीसाठी? फोटो दोन लागतात की तीन?

चिडले नाहीये… हा माझा नेहमीचा आवाज आहे… अगं ऐक ना. एकोणीस दिवसांचं होतं ते. जन्मलं तेच बाकीच्यांच्या निम्मं. मिरी, म्हणजे त्यांची आई, ती सगळ्यांना पाजायची, पण बाकीचे सात धटिंगण याला ढकलून द्यायचे. मग मीच बाटली धरली. दर दोन तासांनी. पाजायचं, वजन करायचं, वहीत लिहायचं… कशावर म्हणजे? स्वयंपाकघरातल्या काट्यावर… हो, त्याच. मागच्या वेळी तू त्यावरच केकचा मैदा मोजलास… धुते गं मी तो! बरं, यापुढे केक तुझ्या घरी कर.

नाव? नाही, मी पिल्लांना नावं ठेवत नाही, तुला माहितीये. नाव ठेवलं की जीव अडकतो… मी नाही ठेवलं म्हणतेय ना! त्याने ठेवलं… माझ्या नवऱ्याने, आणखी कुणी?… हो, तोच. ‘कुत्री तुझी, माझा काही संबंध नाही’ असं चौदा वर्षं ऐकवणारा. रोज ऑफिसला जाताना खोक्यात डोकावून विचारायचा, “साहेब आज किती ग्रॅम?” साहेब! कारण म्हणे सगळ्यांच्या अंगावर पाय टाकून झोपतो आणि काम काही करत नाही… हो, हसू आलं तर हस. मीही हसायचे.

आज? आज ऑफिसच्या बुटांत, गळ्यात टाय, आणि पाण्याच्या टाकीमागे खड्डा खणत होता. कुदळ कशी धरतात तेही माहीत नाही. मी म्हटलं, दे इकडे, तर म्हणतो, “तू आत जा.” आणि गुंडाळलं कशात, माहितीये? त्याच्या मफलरमध्ये. जो मी मशीनला लावला म्हणून दोन दिवस घरात अबोला होता, त्याच. नंतर बाथरूममध्ये गेला आणि वीस मिनिटं नळ चालू. बाहेर आला तर म्हणतो, बुटांची माती निघत नव्हती… हो, मीही म्हटलं, बुटांची माती फारच चिवट असते.

कशाने गेलं?… डॉक्टर म्हणाले, हृदयातच काहीतरी कमी असणार. म्हणाले, तुमची काही चूक नाही, इतक्या लहानांचं असंच असतं. फार छान बोलतात. पाठ असावं त्यांना… नाही, डॉक्टर चांगले आहेत, मीच वाईट आहे. झालं समाधान?

काय सांगू?… सांगितलं ना… ताई, मी दूध कोमट करायला गेले होते. तेवढंच. साडेसहाची वेळ. त्याला टॉवेलवर ठेवलं, उबेचा दिवा जवळ ओढला, म्हटलं, थांब हं, आलेच. बाटली जरा जास्त तापली म्हणून गार पाण्यात धरून उभी राहिले. सहा मिनिटं असतील. परत आले तर… हो… हो, टॉवेलवरच.

मला माहितीये, मी तिथे असते तरी गेलंच असतं. सकाळपासून मी स्वतःला तेच सांगतेय आणि मी काही ऐकत नाहीये.

नाही, हे दुसरंच ऐक. त्याला बघायला चार वाजता माणूस येतोय… ठरलं होतं ना त्याचं घर! घड्याळवाले काका. जुन्या बाजारात कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करतात ते. एकटेच असतात. दुसऱ्या आठवड्यात आले, आठांमधून बरोब्बर तेच उचललं. मी म्हटलं, काका, हे अशक्त आहे, दुसरं बघा. तर म्हणाले, “बारीक कामाचीच सवय आहे मला.” आणि खिशातून ते भिंग काढून डोळ्याला लावलं आणि त्याची नखं बघत बसले! एकेक नख. पंधरा मिनिटं… मग काय, मी चहा दिला.

नाही सांगितलं अजून… फोन हातात घेतला होता गं. तीनदा… काय?

काय म्हणालीस?… दोरा काढून दुसऱ्याला बांधू?… वा. वा ताई. तुला कुणी शिकवत नाही ना हे? ‘रंग सारखाच आहे, त्यांना काय कळतंय, आठवड्यात वाढलं म्हणून सांग.’ एकदम सोपं.

नाही, हसत नाहीये तुला… कारण मी तेच केलं. अकरा वाजता… हो. खोटं कशाला बोलू? पिवळ्याचा दोरा सोडला आणि त्याला हिरवा बांधला. तसंच कपाळ, तसेच कान. वाटलं, चला, सुटलो. काकांनाही वाईट वाटायला नको आणि मलाही तोंड उघडायला नको. मग त्याला मिरीजवळ ठेवलं.

तिने दोरा हुंगला. मग पिल्लाला हुंगलं. मग परत दोरा. त्या दोऱ्याला त्याचा वास असणार ना… मग उठली, सगळा कोपरा पालथा घातला, टॉवेल ओढून काढला, दिव्यामागे बघितलं. आणि येऊन माझ्यासमोर उभी राहिली. भुंकली नाही, काही नाही. नुसती उभी.

सोडला मग. लगेच सोडला… आहे ना, खिशात आहे.

आता काय, आले की सांगेन… हो गं, शांतपणे सांगेन. चांगल्या शब्दांत सांगेन. पाठ करतेय. ‘आपल्याला कळवायला अत्यंत खेद होतो’, असं काहीतरी. बँकेच्या पत्रासारखं… मग तू सुचव ना! तू तर… थांब.

बेल वाजली… अगं, तेच असणार. साडेतीनच झालेत! आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली आणि स्वतः अर्धा तास आधी… नाही, ठेवू नकोस. ताई, फोन ठेवू नकोस. नुसती थांब.

या काका… हो, लवकर आलात, चालेल की… नाही, बूट राहू द्या… काका, तिकडे नका जाऊ. आधी ऐका… तुमचं पिल्लू, हिरव्या दोऱ्याचं. ते आज सकाळी गेलं… नाही, कुणी नेलं नाही… विकलं नाही हो, तुमचं होतं ते, कसं विकेन?… गेलं म्हणजे… मेलं, काका. सकाळी साडेसहाला मेलं.

मी दूध कोमट करायला गेले होते. सहा मिनिटं. मी तिथे नव्हते… आणि मी दुसऱ्याला दोरा बांधला होता. तुम्हाला फसवायला. तेही सांगून टाकते… बसा ना. पाणी देऊ?… बरं… हो, बघा ना, बघा तिला. काही करत नाही ती… खाली कशाला, खुर्ची देते… बरं.

हॅलो… आहेस ना?… हळू बोलतेय… नाही, रागावले नाहीत. “तिला बघू का?” एवढंच विचारलं आणि मिरीजवळ फरशीवर जाऊन बसले. गुडघे दुखतात त्यांचे, तरी… नाही, दुसरं पिल्लू नाही मागितलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून बसलेत… तिने? तिने मान ठेवली त्यांच्या मांडीवर… हो. सकाळपासून मला हात लावू दिला नाही तिने.

थांब, मला बोलावतायत… काय काका?

ताई… ते विचारतायत, हिचं पाण्याचं भांडं कोरडं का आहे… खरंच कोरडं ठणठणीत आहे गं. सकाळपासून पाणीच ठेवलं नाही मी तिला. सगळ्यांचे फोन घेतले, उत्तरं दिली, दोरे बांधले, सोडले… आणि पाणीच… हो… हो, जाते… आले हो काका, आणते, आणते… ताई, ठेव आता. ठेव, तिला तहान लागलीय.