टॅरंटबाईंची पौर्णिमा

रविंद्रकाका : आणि पाया पडणं? चारुता, एकोणीसशे अठ्ठावीस साली सिडनीतल्या गोऱ्या मुली पियानोच्या बाईंच्या पाया पडायच्या?

चारुता : पाया नाही म्हटलं मी. ‘वाकून फुलं द्यायच्या’ म्हटलं. हळू बोला ना काका, बाहेर ऐकू जाईल.

रविंद्रकाका : बाहेर कोण बसलंय माहीत आहे ना? मिसेस प्रायर. वय नव्वद. टॅरंटबाईंची शेवटची जिवंत विद्यार्थिनी. बाईंच्या मुली जुलैच्या पौर्णिमेला त्यांना फुलं द्यायच्या, ही तुझी गोष्ट पेपरात वाचून मुलाला गाडी काढायला लावून आल्यात.

चारुता : पेपरात मी कुठे दिलं? मी लोकांना हे घर फिरवून दाखवते ना, त्या टूरवरच्या एका आजोबांनी दिलं.

रविंद्रकाका : आणि ते वाचून आमच्या म्युझियम कमिटीने ठराव केला! दरवर्षी जुलैच्या पौर्णिमेला इथे मैफल. अनुमोदन कोणी दिलं? मी!

चारुता : जुलैची पौर्णिमा म्हणजे गुरुपौर्णिमा, हे तुम्हाला कळायला नको? सदाशिव पेठेतले ना तुम्ही?

रविंद्रकाका : वीस वर्षं झाली इथे येऊन, तिथी कोण बघतो? विषय बदलू नकोस. तुला पियानो येतो म्हणून मी या गाईडच्या कामासाठी तुझा शब्द टाकला.

चारुता : मी पेटी येते म्हटलं होतं. ‘काळ्या-पांढऱ्या पट्ट्याच ना, चालतंय’ हे तुमचं.

रविंद्रकाका : बरं, बरं. पण थापा कशाला?

चारुता : मग काय करू? इथे टॅरंटबाईंच्या नवऱ्याच्या लोकरीच्या धंद्यावर तीन खोल्या. त्याच्या बुटांनासुद्धा पाटी! आणि तिच्यावर सहा ओळी. जर्मनीत शिकली, एकेचाळीस गाणी रचली, शिकवलं, वारली. टूर चाळीस मिनिटांची. लोक विचारतात, शिकवायची कशी? ‘नो आयडिया, मेट’ म्हणू?

रविंद्रकाका : म्हणून मनाला येईल ते?

चारुता : मनाचं काही नाही. सगळं खरं आहे, फक्त तिचं नाही. विनीताबाईंचं आहे, पुण्यातल्या माझ्या पेटीच्या बाई. पहिले सहा महिने पेटीला हात लावू द्यायच्या नाहीत. मटार सोलत नुसतं ऐकायचं.

रविंद्रकाका : आणि सासऱ्याने पियानोला कुलूप घातलं म्हणून पोळपाटावर बोटं चालवायची, ते?

चारुता : मी ब्रेडबोर्ड म्हटलं. पण हो, तेही विनीताबाईंचंच. चार वर्षं.

रविंद्रकाका : छान. आता मिसेस प्रायर तुला खोटं पाडणार आणि कमिटी तुला घरी बसवणार.

चारुता : घरी कसली? परत चिकन शॉपमध्ये. काका, मी अंडंसुद्धा खात नाही हो! पेंडल हिलच्या घरात आम्ही नऊ जण, सगळ्यांचं युनि, म्हणजे कॉलेज, आणि असल्याच नोकऱ्या चाललेल्या. त्यात ही रविवारची आर्व्हो, इथल्या भाषेत दुपार, एवढीच माझी सुखाची.

रविंद्रकाका : चहा घेऊन जा. खरं काय ते सांगून टाक. मी येत नाही.

(चारुता ट्रे घेऊन जाते. बऱ्याच वेळाने परत येते.)

रविंद्रकाका : काय म्हणाल्या?

चारुता : सगळं खोटं म्हणाल्या. टॅरंटबाई पहिल्याच दिवशी पियानोवर बसवायच्या. चुकलं की विणायची सुई बोटांवर. आणि शिकवताना शेरी प्यायच्या. कपातून, म्हणजे चहा वाटावा.

रविंद्रकाका : संपलं.

चारुता : मग इतक्या हसल्या, मला वाटलं ठसका लागणार. म्हणाल्या, या घरात आजवर बाईंबद्दल कोणी विचारलंच नाही, सगळे बूट बघून जातात. आता दर रविवारी येणार आहेत, मला खरं सांगायला. मैफलही होऊ द्या म्हणाल्या. पण शेरी हवी.

रविंद्रकाका : म्हणजे वाचलीस की! मग तोंड का पडलंय?

चारुता : निघताना विचारलं त्यांनी, मटारवाल्या बाई कोण? मी सांगितलं. तर म्हणाल्या, त्यांच्याबद्दल कोणी लिहून ठेवलंय का?

रविंद्रकाका : मग?

चारुता : आठ वर्षं शिकले काका, आणि मला त्यांची जन्मतारीखही माहीत नाही. लाज वाटली हो.

रविंद्रकाका : पुण्यात आता सकाळचे दहा वाजले असतील. हे घे माझं कॉलिंग कार्ड, लाव बाईंना फोन.

चारुता : आत्ता? एकदम काय विचारू?

रविंद्रकाका : जन्मतारखेपासून सुरू कर. मी लिहून घेतो.