एक खाट, दोघांची

लोहाऱ्याच्या स्टँडवर रणधीर पुण्याच्या गाडीची वाट बघत होता. दवाखान्यातली रिकामी खाट मोबाईलवरनं मिळवून देणाऱ्या सेवेचे सर्व्हर तो सांभाळायचा. मागच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या.

"तुमच्या मालकाला खाट मिळाली म्हून मोबाईलवर आलं व्हतं ना, द्वारकाबाई?"

"आलं की. पोचलो, तर खाटंवर कळंबची एक पोरगी. तिलाबी तसंच आलेलं."

"एकच खाट दोघांला?"

"तिथला माणूस म्हणला, सर्व्हर दोन हायेत. एकानं खाट दिली, दुसऱ्याला पत्ताच न्हाय. त्याला ती रिकामीच दिसत व्हती."

"मग वं?"

"ह्यांनी तिच्याकडं बघितलं. म्हणले, लेकराला उठवू नका. दुसऱ्या दवाखान्याच्या वाटंतच गेले."

रणधीरचा फोन वाजला. ऑफिसातनं त्याच्या हाताखालचा पोरगा बोलत होता.

"सर, तिसरा सर्व्हर आज जोडू ना? एकानं दिलेली खाट दुसऱ्यानं देऊ नये म्हणून जे लॉक लागतं, त्याचं नंतर बघू. लाखात एखाद्या वेळीच घोळ होतो."

"जोडू नकोस. लॉक नीट होईपर्यंत सगळ्या खाटा एकाच सर्व्हरवरनं दे."

"सगळं हळू होईल, सर. साहेबांना कारण काय सांगू?"

रणधीर बाकाकडं वळला.

"मावशी, काकांचं नाव काय होतं?"

द्वारकाबाईंनी पदर तोंडाला लावला. शेजारणीनंच सांगितलं, "महारुद्र."

रणधीरनं फोनवर तेच नाव सांगितलं.