डब्याची जागा

सलूनवाला : मान खाली कर. अजून थोडी. हं. हे कोणी केलं?

वायरमन : काय केलं?

सलूनवाला : मानेवरची रेघ. इतकी वर्षं तुझी मान माझ्या हाताखाली आहे, मी नेहमी गोल सोडतो. ही सरळ आहे, फूटपट्टी लावल्यासारखी.

वायरमन : केस वाढतात तसे वाढले असतील.

सलूनवाला : फूटपट्टी लावून वाढले? हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, आणि इथे तर पुढे एक, मागे एक. बघ स्वतःच.

वायरमन : बघितलं. तू आधी टीव्हीवर आपल्या मालिकेचा भाग लाव. कप्तानबाई खोळंबल्यात.

सलूनवाला : लावतो. शटर अर्धं ओढून घेतलंय, आता कोणी घुसायचं नाही. तू खुर्चीतच बस, मी स्टूल घेतो. कोपऱ्यावरच्या नव्या सलूनमध्ये गेला होतास ना?

वायरमन : कामाला गेलो होतो. त्याच्या दिव्यांचं सगळं वायरिंग मी केलं.

सलूनवाला : आणि वायरिंग करता करता केस आपोआप कापले गेले.

वायरमन : तो म्हणाला, खुर्ची नीट फिरते का बघा. मी बसलो. त्याने अंगावर कापड टाकलं. आता टाकलेल्या कापडातून उठायचं कसं?

सलूनवाला : पायांनी उठायचं. माझ्याकडे केसांत कंगवा अडकलेला असला तरी मधेच उठून चहाला जातोस.

वायरमन : लागलं बघ. सुरुवातीचं संगीत पुढे ढकलू नकोस.

सलूनवाला : ऐकवत नाही मला. पूर्वी त्या संगीतावर डबा दिसायचा. कप्तानबाईच्या शेजारच्या जागेवर, टपालाची पोती मांडीवर घेऊन. या ग्रहावरून त्या ग्रहावर टपाल पोचवायचं आणि वाटेत तिच्याशी भांडायचं. पत्र्याचा यंत्रमाणूस, पण काय भांडायचा. आता तिथे ही नकाशेवाली पोरगी बसते. केस विस्कटलेले, तोंडात सारखं 'मला माहीत होतं'.

वायरमन : हुशार आहे ती. डब्याला वाट चुकायची सवय होती.

सलूनवाला : चुकायचा म्हणून तर गोष्टी घडायच्या. हिला सगळं आधीच माहीत. मग टपालयानाने जायचं कशाला, कुरियर करा.

वायरमन : अरे, जोडीदार बदलतात. दर दोन वर्षांनी नवा येतो, तशी मालिकाच आहे. कप्तानबाई तीच राहते ना?

सलूनवाला : तिचं काय जातं? तिला शेजारी कोणीतरी मिळतंच. जातं त्याचं, जो खाली सामानाच्या कपाटात बसलाय.

वायरमन : टाकून तर दिला नाही त्याला. बंद करून ठेवलाय.

सलूनवाला : मोठे उपकार केले. गरज सरो, वैद्य मरो. त्याचं सलून मोठं आहे का रे?

वायरमन : कोणाचं?

सलूनवाला : आता मी सलूनबद्दल विचारतोय, कोणाचं असेल?

वायरमन : मोठं आहे. भिंतभर टीव्ही आहे.

सलूनवाला : भिंतभर. मग कप्तानबाईच्या नाकातले केस दिसत असतील. त्यालाही ही मालिका आवडते?

वायरमन : पहिल्या भागापासून सगळं पाठ आहे त्याला. डबा पहिल्यांदा कुठल्या ग्रहावर सापडला, तेसुद्धा त्याने सांगितलं.

सलूनवाला : ते मी तुला सांगितलं होतं. याच खुर्चीत.

वायरमन : हो, तूच सांगितलंस. बघ, आता यान त्या वादळात शिरतंय.

(टीव्हीतून बारीकसा धडामकन आवाज येतो.)

वायरमन : आवाज का कमी केलास?

सलूनवाला : वरच्या मजल्यावर म्हातारी झोपलीये. मागे एकदा काठीने जमीन ठोकली तिने.

वायरमन : ते ठीक. पण स्फोट नंतर झाला. तू आवाज आधी कमी केलास.

सलूनवाला : अंदाज आला. वादळ होतं.

वायरमन : मागच्या तीन वादळांत तुला अंदाज आला नाही. म्हातारीने काठी का ठोकली, तेही कळलं. तू हा भाग बघितलायस.

सलूनवाला : आणि तू दचकला नाहीस.

वायरमन : काय संबंध?

सलूनवाला : फ्यूज उडाला तरी तू दचकतोस, आणि वायरमन म्हणवतोस. कप्तानबाईचं यान फुटलं आणि तू पापणी हलवली नाहीस. तूही बघितलायस. त्या भिंतभर टीव्हीवर.

वायरमन : तू आधी सांग, कोणाबरोबर बघितलास.

सलूनवाला : मागच्या रविवारी तुला ताप होता ना?

वायरमन : हं.

सलूनवाला : मी शटर अर्धं ओढून बसलो. तुझ्या ठरलेल्या चहाच्या वेळेला दोन कप सांगितले. मग फोन केला, तर वहिनी म्हणाल्या, ते कामाला गेलेत. ताप घेऊन कामाला. मी दोन्ही कप प्यायलो आणि भाग लावला. या खुर्चीबरोबर बघितला. बोलायला सोपी आहे, खोटं बोलत नाही.

वायरमन : बायको तुला हे सांगून बसली, आणि मला बोलली नाही.

सलूनवाला : तू घरी तरी खरं सांगितलंस, हे त्यातल्या त्यात बरं.

वायरमन : आदल्या दिवशी, शनिवारी, तो सलूनवाला म्हणाला, संध्याकाळी नवा भाग येतो, मी इथे लगेच लावतो, या. आपण रविवारपर्यंत थांबतो, हे माझ्या लक्षात होतं. पण गेलो, आणि रविवारी तुला तोंड कसं दाखवू म्हणून ताप सांगितला. त्याच्याकडे गर्दी होती, सगळे एकदम ओरडत होते. बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू.

सलूनवाला : बरं वाटणारच. नव्याचे नऊ दिवस.

वायरमन : तू रागावलायस.

सलूनवाला : मला जळायला होतं रे. राग असता तर वस्तरा बाजूला ठेवून तुला दार दाखवलं असतं. त्याने तुझे केस कापले, ठीक, केस परत वाढतात. पण डबा कपाटात असताना यान फुटलं, ते तू त्याच्या शेजारी बसून बघितलंस. ते माझ्या शेजारी बघायचं होतं.

वायरमन : मग आज बघितलेलाच भाग परत कशाला लावलास? मला म्हणालास, मीही बघितला नाही.

सलूनवाला : तू कुठे दचकतोस ते बघायचं होतं.

वायरमन : मी तरी कशाला आलो असेन? तू डब्यासाठी किती शिव्या घालतोस ते ऐकायला. तिथे कोणी शिव्या घालत नाही. सगळे टाळ्या वाजवतात.

सलूनवाला : मान खाली कर.

वायरमन : काय करतोयस?

सलूनवाला : रेघ गोल करतोय. हलू नकोस, कापेल.

वायरमन : तो विचारेल, ही कोणी बदलली.

सलूनवाला : विचारू दे. शनिवारी सांग त्याला.

वायरमन : या शनिवारी मला काम आहे.

सलूनवाला : कसलं काम?

वायरमन : ते अजून ठरायचंय.