खारफुटी बचाव कार्यक्रमात मंडप पडल्याबाबत

मी, सगळे मला मंडपवाला म्हणूनच ओळखतात, वय ५२ वर्षे, धंदा मंडप व खुर्च्या भाड्याने देणे, राहणार खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, स्वतःच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देतो की,

मी वरील ठिकाणी पत्नीसह राहतो. धंदा दोघे मिळून करतो. बांधणी माझ्याकडे, बैठकव्यवस्था तिच्याकडे असते.

काल खाडीकाठी निसर्गप्रेमी मंडळाचा खारफुटी वाचवण्याचा कार्यक्रम होता. रोपे लावायला मोकळी जागा हवी होती आणि काठावर तर खारफुटी आधीपासूनच उभी होती. म्हणून मंडळाच्या अध्यक्षांनी ती आदल्या दिवशी मशीन लावून कापून घेतली. मी विचारले असता, जुन्या झाडांपुढे रोपे फोटोत दिसत नाहीत, असे त्यांनी सांगितले. मी बांधणीला लागलो.

काल सकाळी खुर्च्या मांडताना पत्नीला कापलेल्या फांद्यांखाली बगळ्यांची पिल्ले सापडली. बरीचशी मेली होती, चार जिवंत होती. मोठे बगळे वर घिरट्या घालून ओरडत होते. त्यामुळे माईक नीट तपासता येत नाही, अशी अध्यक्षांची तक्रार होती.

सगळीकडे चिखल असल्याने पत्नीने पिल्ले व्यासपीठावर, पांढरे कव्हर घातलेल्या मोठ्या खुर्चीत ठेवली. ती खुर्ची प्रमुख पाहुण्यांची होती. अध्यक्षांनी ती रिकामी करायला सांगितली. त्यावर पत्नी म्हणाली, "यांचं घर तुम्ही पाडलंत. पाहुण्यांना राहू दे थोडा वेळ उभं."

अध्यक्ष हसले. मग पाटी ओततात तशी त्यांनी खुर्ची तिरपी केली. पिल्ले खाली चिखलात पडली. अध्यक्षांनी रुमालाने खुर्ची पुसली. पत्नी खाली उतरून चिखलात हात घालून शोधत राहिली. तिला एक जिवंत सापडले. तेवढ्यात पाहुणे आले व अध्यक्षांचे भाषण सुरू झाले. विषय पक्ष्यांचा निवारा हा होता.

भाषण चालू असताना मंडप व्यासपीठावर बसला. कोणाला इजा झाली नाही. अध्यक्ष व पाहुणे कापडाखालून रांगत बाहेर आले. रोपे प्लास्टिकच्या पिशव्यांसकट पुरलेली होती, ती त्यांच्याच पायांखाली गेली.

आज सकाळी अध्यक्ष माझ्या घरी आले. माझा दोर कुजका होता असे मी लिहून दिले, तर पत्नीवर काल केलेली तक्रार मागे घेऊ, घरच्या बाईला ठाण्यात बसवणे बरे दिसत नाही, असे ते म्हणाले. पत्नी आत उरलेल्या पिल्लाला मासळीचे तुकडे भरवत होती. तिने आतून विचारले, "कोण आलंय?"

मी म्हणालो, "कोणी नाही."

दोर कुजका नव्हता. कुजका दोर मी वापरत नाही. गाठही पक्की होती. पुढच्या डाव्या खांबाची गाठ पत्नीने सोडली, ही तक्रार खरी आहे. ती पूर्ण शुद्धीवर होती. परंतु एक गाठ सोडून माझा मंडप पडत नाही. उजव्या खांबाची मी सोडली. ते तक्रारीत राहून गेले आहे, ते घालून घ्यावे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तसाच उतरला आहे. त्यातला एकही शब्द बदलायचा नाही.