अर्ज स्वहस्ताक्षरात करावा

...नाही, आता तुमीच सांगा, चांगलं अक्षर असनं गुन्हा हाय काय? लोक मले इचारतात, 'मास्तर नाही, कारकून नाही, मंग मोताळ्याच्या बजारात चटई टाकून लोकाईले नोकरीचे अर्ज काऊन सांगत बसता हो शालिग्रामभाऊ?' काऊन म्हंजे? अक्षर चांगलं होतं ना माहं!

तुमाले सांगतो, जवानीत गावातले सारे कागद माह्याच हातचे... तानुबाईचं लेकीले पत्र म्या लिहावं, ते वाचून तिकडे लेक रडे, अन् इकडे तानुबाई मले शिव्या दे, 'मेल्या, म्या नुसती खुशाली सांगतली होती, पोरीले रडाले काऊन लावलं?' काय दिवस होते हो ते! बोरू, घरी घोटलेली शाई, अन् पान्याले जाता जाता अन्नपूर्णा मुद्दाम थांबून पाहे... खोटं काऊन बोलू, म्या बी तवा वेलांटी जरा मोठीच काढो.

तिचा बाप हिंमतराव मिशीले पीळ देत म्हने, 'सरकारी कारकून होय, मंग पोरगी देतो.' अन् त्याच साली तालुक्याच्या कचेरीत जागा निघाली! एकच! म्या अर्ज लिहिला. दुसऱ्या दिवशी इंद्रभान हजर, 'शाल्या, माहा बी लिही बे.' मंग निवृत्ती. मंग निवृत्तीचा साळा. त्याच जागेसाठी, हाव! पन नाही कसं म्हनू? एकाले 'नम्र' केलं, दुसऱ्याले 'अति नम्र', अन् जो शेजाऱ्याचं डोस्कं फोडून आला होता त्याले 'परम शांत'... लोकाईचे सतरा अर्ज! अक्षर चांगलं होतं ना माहं!

कचेरीत सायबानं सारे कागद टेबलावर मांडले. हुकूम होता, 'अर्ज स्वहस्ताक्षरात करावा', अन् अठरा कागदाईवर एकच वेलांटी! सायब गरजले, 'एकच इसम अठरा नावानं नोकरी मागून राह्यला काय?' म्या म्हनलं, सायेब, सतरा त्याईचे, हा एक माहा... 'पुरावा काय?' आता घ्या! माहं अक्षर माहंच हाय, याले पुरावा कुठून आनू?

नोकरी लागली कडूबाले. माह्याशी बोलचाल बंद होती म्हनून सोताच अर्ज खरडनारा गावातला एकटा गडी! अक्षर म्हंजे कोंबडी शाईत पाय बुडवून नाचली... पन सोताचं! नोकरी त्याले, अन्नपूर्णा बी त्यालेच. अन् लग्नाच्या चिठ्ठ्या कोनं लिहिल्या? बोला ना! हिंमतराव घरी येऊन म्हने, 'नाही म्हनू नको बाप्पा...' लिहिल्या. रडत लिहिल्या, पन शाई पसरू देली नाही. अक्षर चांगलं होतं ना माहं!

तवापासून अर्ज लिहिनं बंद. म्या सांगतो, ज्याचा त्यानं लिहावा. मागच्या बजारी अन्नपूर्णाबाई आली, केस पांढरे, संग कडूबाचा पोरगा. 'याले रेल्वेत लावाचं हाय. तुमीच लिहा, तुमचं अक्षर...' म्हने. म्हनलं, नाही बाई, त्यालेच लिहू द्या. पोरानं मान खाली घालून पानभर लिहिलं. म्या पाह्यलं... हुबेहूब बाप!

म्हनलं, जाय बेटा, तुही नोकरी पक्की!