शिदोबांचा शेवटचा चरण

मंडळी, आख्यानाला हात घालण्याआधी एक सांगा. शब्द एकाचे, गळा दुसऱ्याचा — मग टाळ्या पडल्या त्या कुणाच्या? माझ्याकडे काय बघता? मला उत्तर येत असतं तर मी गोष्ट कशाला सांगितली असती!

एका गावात शिदोबा कासार होते. बांगड्या भरता भरता पदं रचायचे. आवाज मात्र असा, की गायला लागले तर घरची मांजर उठून जाई! त्यांचं एक पद विसाजीबुवांच्या कानावर पडलं. बुवा पंचक्रोशीतले नावाजलेले गवई. ऐका —

वाकुनी तू येई, ठेंगणे हे दार ।
दुबळा संसार, हसू नको ॥

देवाला घरी बोलावतोय, आणि घराची लाज वाटतेय! बुवांनी पद तोंडी शिकून घेतलं. शिदोबा त्याच दिवशी नव्यानं रचलेल्या शेवटच्या चरणाशी आले, तर बुवा उपरणं झटकून उठले. म्हणाले, त्यात तुमचं नावच असणार ना? ते राहू द्या. शिदोबा भिडस्त. पुन्हा बांगड्या भरायला लागले.

आता शेवटच्या चरणात कवी आपलं नाव घालतो, 'अमका म्हणे', हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही तो कधी ऐकलात की नाही, ते विचारत नाही. तेव्हा तुम्ही चपला शोधत असता!

चैत्राच्या उत्सवात बुवांनी ते पद गायलं — काय सांगू! देऊळ डोलायला लागलं. दरवर्षी फर्माईश तीच. आणि दरवर्षी बुवा रंगात आले, की शेवटचा चरण गाळून पुन्हा ध्रुपदावर, म्हणजे पहिल्या ओळीवर यायचे, ती तीनदा घोळवून तिहाई घ्यायचे, संपलं! शिदोबा खांबाला टेकून वाट बघत राहायचे. एकदा धीर करून म्हणाले, तेवढा चरण घ्याल का? बुवा चारचौघांत बोलले, "शिदोबा, लोक देवाचं नाव ऐकायला येतात, कासाराचं नाही." लोक हसले. शिदोबाही हसले. मंडळी, ते हसू मला आजही सहन होत नाही.

पुढे शिदोबांनी अंथरूण धरलं. त्यांच्या पत्नी, भागीरथीबाई, बुवांच्या दारी गेल्या. म्हणाल्या, एकदा पुरतं पद त्यांच्या कानावर पडू द्या. बुवांचं मन वाईट नव्हतं हो! त्यांनी शब्द दिला. देवळात शिकून घेईन, म्हणाले.

उत्सवात शिदोबांना बाजेवर घालून आणलं. पण बुवांना यायलाच उशीर झाला, ते चरण न शिकताच गायला बसले. सूर लागला, लोकांनी वाहवा केली, तबल्याची लय चढली — आणि बुवा दिलेला शब्द विसरले! ध्रुपद, तिहाई, टाळ्या. भानावर आले तेव्हा आरती सुरू झाली होती. बाजेपाशी धावले. शिदोबा म्हणाले, "आज सूर फार छान लागला, बुवा." आठ दिवसांत ते गेले.

पुढच्या चैत्रात बुवा गायला बसले आणि शेवटाशी येऊन थांबले. तंबोरा नुसता वाजतोय. बुवांनी हात जोडले. "वहिनी, तो चरण मला येत नाही. सांगता?"

भागीरथीबाई बायकांतून उठल्या. त्यांनी तो नुसता बोलून दाखवला —

शिदा म्हणे माझे शब्द होते मुके ।
विसाजीच्या मुखे झाले बोल ॥

मंडळी, शिदोबांना स्वतःचं नाव मिरवायचं नव्हतं! त्यांना बुवांचं नाव बुवांच्याच गळ्यातून ऐकायचं होतं. बुवांनी सूर धरला, पण त्या दिवशी चरण पुरा झाला नाही. पुढं ते प्रत्येक मैफलीत तो चरण गायले. रडून गायले. पण ज्याला ऐकायचा होता, तो कुठं होता?

आता तुमच्याकडे वळतो. घरी कुणीतरी तुमच्याशी बोलायला लागतं, आणि 'कळलं, कळलं' म्हणत तुम्ही उठता. काय कळलं? म्हातारा बाप काहीतरी मागणार, एवढंच ना? कदाचित तो तुमचं कौतुकच करत असेल! आज घरी जा, त्याच्यापाशी बसा, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत उठू नका. आणि ज्यांच्या घरी आता तो बाप नाही, त्यांनी इथं माझ्यापाशी थोडा वेळ बसा. मीही तुमच्यातलाच आहे. एकदा नाव घ्या — विठ्ठल, विठ्ठल.