सैल धरणारी यादी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, रुग्णालयाच्या आदरणीय मेट्रनबाई. व्यासपीठावरचे माझे भागीदार. ज्यांना आज निरोप द्यायचा त्या आमच्या ऑफिसच्या थोरल्या ताई. आणि मागच्या रांगेत बसून मी किती वेळ खाणार याचा अंदाज बांधणाऱ्या मित्रांनो,

मी कॉम्प्युटर शिकलो तो दुरुस्तीच्या दुकानात. त्यामुळे प्रोग्रॅममधलं मला डोळ्यांपेक्षा कानांनीच जास्त कळतं. माझ्या केबिनची भिंत प्लायवुडची आहे, एवढंच सांगतो.

बाईंच्या वॉर्डात आमचा स्क्रीन होता. रुग्णाने घंटी दाबली की खाटेचा नंबर चमकायचा. पण दुपार झाली की स्क्रीन ढिम्म! एका आजोबांची हाक अशीच कुणाला दिसली नाही. ते एकटेच उठले आणि पडता पडता वाचले. बाई तडक ऑफिसात. "सोमवारी तुमचं यंत्र उचलून न्या!"

दोष काय? हाक संपली तरी प्रोग्रॅम ती धरून बसायचा, आणि दुपारपर्यंत मेमरी भरून स्क्रीन अडकायचा. नव्या ब्राउझरमध्ये सैल धरणारी यादी असते. हाक संपली की तिची नोंदही आपोआप जाते. वॉर्डातले ब्राउझर जुने, त्यांना हे कुठलं यायला? ब्राउझरला जे येत नाही ते बाहेरून शिकवणाऱ्या तुकड्याला पॉलिफिल म्हणतात. ताई म्हणाल्या, "ते बसवते. ही सैल धरणारी 'वीक' यादी—"

"वीक? माझ्याकडे वीक पेशंट पुरेसे आहेत!" बाई, आठवतंय ना?

ताईंनी समजावलं, "पेशंटची माहिती रजिस्टरात लिहिली, तर तो घरी गेला तरी रजिस्टर त्याला सोडत नाही. मी पट्टी त्याच्याच मनगटाला बांधते. तो घरी, पट्टीही घरी."

पॉलिफिल बसलं. तरी दुपारी स्क्रीन पुन्हा ढिम्म! मग भिंतीपलीकडून ताईंचा आवाज: "या हाका फ्रीझ कुणी केल्या?"

"मी. कुणी हात लावू नये म्हणून." हा आमच्याच ऑफिसात प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माझ्या जावयाचा आवाज. मी कान आणखी जवळ नेला.

"गोठवलेल्या मनगटाला पट्टी बांधायची कशी, जावईबापू? म्हणून पॉलिफिल गुपचूप रजिस्टरातच लिहितंय!"

ताईंनी ते गोठवणं काढलं. सोमवारी बाई हाताची घडी घालून स्क्रीनसमोर उभ्या. दुपार कलली. घंटी वाजली, नंबर चमकला, आणि बाई त्या खाटेकडे धावल्या.

ताई, माझ्या दुकानाला कंपनी म्हणायची हिंमत मला त्या दुपारी आली.

आपण सारे अगत्याने आलात, मी ऋणी आहे. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.